आवड आणि अभिप्राय

दिवाळीच्या सुटीत भालकीच्या आमच्या घरी सर्व मंडळी जमली म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर एखादा चित्रपट पाहण्याचा परिपाठच पडून गेला आहे. गेल्या सुटीत ‘सैराट’ पुन्हा एकदा पाहिला. चित्रपट संपला, दिवे लागले आणि मतांना सुरुवात झाली. “गाणी काय बहारीची आहेत!” काका म्हणाले. “शेवट तेवढा तसा नको होता,” असे म्हणून आजीने डोळ्यांना पदर लावला. बीदरला महाविद्यालयात शिकणारा पुतण्या म्हणाला, “ह्याचा कन्नड चित्रपटही मी पाहिला आहे, पण त्याला मराठीची सर नाही.” त्याच्या धाकट्या भावाचे सारे सवंगडी कन्नड बोलणारे. तो उसळून म्हणाला, “दादा, तू तो अर्धाच पाहिलास!” दोन मिनिटांत चार मते झाली. इतक्यात पाचवीत शिकणारी माझी भाची म्हणाली, “मामा, त्या बाळाचे पुढे काय झाले असेल?”

त्यावर मात्र कोणीच काही बोलले नाही. पानसुपारी झाली, अंथरुणे घातली गेली आणि मंडळी झोपली. मला मात्र बराच वेळ झोप आली नाही. चार मते देणारी आम्ही मोठी माणसे एका लहान मुलीच्या प्रश्नापुढे गप्प का झालो? ह्या प्रश्नाचा विचार करता करता आवड आणि अभिप्राय ह्यांतील अंतर माझ्या ध्यानात आले. तेच आज येथे विद्यार्थी मित्रांपुढे मांडावे असे वाटते.

आवड ही ज्याची त्याला. एकाला शेंगदाण्याची चटणी आवडते, दुसऱ्याला कारळाची; त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. परंतु पंगतीत एखादा नुसते “भाजी बरी नाही” असे म्हणाला, तर त्यापासून स्वयंपाक करणारीला काहीच बोध होत नाही. “मीठ थोडे जास्त झाले आहे” असे म्हटले, की ते बोलणे उपयोगी पडते. इतरांना चव घेऊन ते खरे की खोटे हे पाहता येते. आवड सांगितली की बोलणे संपते. अभिप्राय सांगितला की बोलणे सुरू होते. कारणासह सांगितलेले आणि दुसऱ्याला तपासून पाहता येणारे मत म्हणजे अभिप्राय.

पण करमणुकीसारख्या हलक्याफुलक्या गोष्टीबद्दल इतका विचार कशाला करावा, असे कोणी म्हणेल. ह्याचे उत्तर आपल्याच भागाच्या इतिहासात सापडते. पूर्वी आपल्याकडे करमणूक जत्रेबरोबर येत असे. कलबुर्गीची शरणबसवेश्वरांची जत्रा, ख्वाजा बंदे नवाजांचा उरूस, गाणगापूर आणि माणिकनगर येथील दत्तजयंती ह्या निमित्ताने माणसे जमत. भजन, कीर्तन, बयलाट पाहत आणि परतताना वाटेने त्यावर बोलत. १९६६ साली गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, आकाशवाणी केंद्र झाले आणि करमणूक घरात आली.

त्यानंतर जे घडले ते पुष्कळांना ठाऊक नसते. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत आपल्या देशात उपग्रहाद्वारे दूरदर्शनचा एक मोठा प्रयोग झाला. त्यासाठी अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभर वापरावयास मिळाला होता. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसविण्यात आले. कर्नाटकातील ही खेडी गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर ह्या जिल्ह्यांतील होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची छत्री उभारून थेट उपग्रहाकडून चित्र घेतले जाई. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी थोरांसाठी, मिळून दिवसाला सुमारे चार तास कार्यक्रम होत. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन ह्या विषयांबरोबर त्यांत करमणूकही असे. कलकत्ता आणि मद्रास येथे दूरदर्शन त्याच महिन्यात, पण काही दिवसांनंतर सुरू झाले. बंगळूरला तर ते १९८१ साली पोहोचले. राजधानीच्या आधी गुलबर्ग्याच्या खेड्यांनी दूरदर्शन पाहिले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ह्या प्रयोगात कार्यक्रम दाखवून शास्त्रज्ञ स्वस्थ बसले नाहीत. पाहणाऱ्यांना काय समजले, काय आवडले आणि काय कंटाळवाणे वाटले ह्याची त्यांनी पद्धतशीर पाहणी केली. काही खेड्यांत तर मानवशास्त्राचे अभ्यासक मुक्काम करून राहिले होते. संचासमोर जमिनीवर बसलेल्या शेतकऱ्याच्या मतालाही मोल आहे, असे त्या विद्वानांना वाटले. मग आपण आपल्या मताला कवडीमोल का समजावे?

आता पुन्हा ‘सैराट’कडे वळू. हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातील जेऊरचे, तर आर्चीचे काम करणारी रिंकू राजगुरू ही त्याच जिल्ह्यातील अकलूजची. त्या कामाबद्दल राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. संगीत अजय–अतुल ह्यांचे. मासेमारी करणाऱ्या घरातील मुलगा आणि पाटलाची मुलगी ह्यांचे प्रेम जुळते; गाव सोडून ती दोघे हैदराबादला पळून जातात आणि काबाडकष्ट करून संसार उभारतात. काही वर्षांनी मुलीचा भाऊ माहेरची भेट घेऊन येतो आणि त्या दोघांचा जीव घेतला जातो. मागे उरते ते त्यांचे अजाण मूल.

ह्या कथेवरील आमच्या घरातील मते आता एकेक करून तपासून पाहू.

“गाणी बहारीची” हे काकांचे मत खोटे नाही. पण ते अर्धे आहे. गाणी बहुतेक पूर्वार्धात आहेत, आणि शेवटचा प्रसंग येतो तेव्हा पडद्यावर संगीत तर नाहीच, आवाजसुद्धा नाही. ज्या चित्रपटाने प्रेक्षकांना खुर्च्या सोडून नाचावयास लावले, तोच शेवटी त्यांना निःशब्द करून घरी पाठवितो. ही योजना लक्षात आली म्हणजे गाणी का आहेत हे कळते. आनंद पुरेपूर दाखविल्यावाचून तो हिरावला गेल्याचे दुःख पुरेपूर होत नाही.

पुतण्याचे मत भाषेशी गुंतलेले होते. ‘सैराट’ची कथा घेऊन २०१७ साली कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ हा चित्रपट निघाला. एस. नारायण हे त्याचे दिग्दर्शक. नायिका मात्र तीच, रिंकू राजगुरू. येथे आपल्यासारख्या सीमाभागातील माणसाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: मला हा चित्रपट चांगला वाटला तो चांगला आहे म्हणून, की माझ्या भाषेतला आहे म्हणून? करमाळ्याची बोली आपल्या कानांना मावशीच्या घरच्या बोलण्यासारखी वाटते. सोलापूरहून हैदराबादला जाणारी आगगाडी कलबुर्गी आणि वाडीवरूनच पुढे जाते. पोटासाठी हैदराबादची वाट धरलेले कोणी ना कोणी आपल्या प्रत्येक गावात आहे. म्हणून ही कथा आपल्याला जवळची वाटते. ह्या जवळिकीत गैर काहीच नाही. ती ओळखून मोकळेपणाने सांगावी, एवढेच. परंतु जवळीक म्हणजे गुणवत्ता नव्हे. एका भाषेतील कृतीची वाखाणणी केल्याने दुसरी भाषा लहान होत नाही. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली निघाला, आणि १९६३ साली कन्नड पडद्यावर तुकाराम झाले ते राजकुमार. पुढे १९७४ साली ‘भक्त कुंबार’मध्ये तेच गोरा कुंभारही झाले. आपले संत त्यांनी आपले मानले. मग त्यांचे चांगले ते आपण चांगले म्हणण्यास का कचरावे?

आता आजीचे मत. “शेवट तसा नको होता.” हे मत हजारो घरांतून निघाले असेल. २०१८ साली हीच कथा हिंदीत ‘धडक’ ह्या नावाने आली तेव्हा शेवट बदललाही. त्यात पती आणि मूल मारले जातात आणि नायिका जिवंत राहते. म्हणजे कथाकाराच्या हाती शेवट बदलणे असते. मंजुळे ह्यांनी मूल मागे ठेवले, ते पाहणाऱ्याने त्याच्याविषयी विचार करावा म्हणून, असे मला वाटते. आजीला जे नको होते ते चित्रपटात नको होते, की जगातच नको होते? मी दुसऱ्या दिवशी तिला हे विचारले. ती क्षणभर थांबून म्हणाली, “जगातच नको आहे रे बाबा!” तिच्या आवडीचा त्या क्षणी अभिप्राय झाला.

आणि हा प्रश्न आपल्याला परका नाही. बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे बाराव्या शतकातील कल्याण. बिज्जल राजाच्या पदरी महात्मा बसवेश्वर तेथे मंत्री होते. जन्माने ब्राह्मण असलेल्या मधुवरसाची कन्या आणि चांभारकाम करणाऱ्या हरळय्याचा पुत्र ह्यांचा विवाह तेथील शरणांनी लावून दिला. परंपरा असे सांगते, की त्याबद्दल राजाने दोघांच्याही पित्यांना देहान्ताची शिक्षा दिली आणि त्यातून कल्याणमध्ये उत्पात झाला. गिरीश कर्नाड ह्यांचे ‘तलेदंड’ हे १९९० सालचे कन्नड नाटक ह्याच कालखंडावर आहे. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी जी गोष्ट आपल्या मातीत घडली, तीच आपण पडद्यावर पाहतो आणि “गाणी छान होती” असे म्हणून झोपी जातो! म्हणूनच अभिप्राय नीट बनविणे ही केवळ रसिकतेची गोष्ट नसून माणुसकीचीही आहे.

विद्यार्थी मित्रहो, ह्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. काहीही पाहिले, ऐकले, वाचले म्हणजे तीन प्रश्न मनाशी विचारावेत. सांगणाऱ्याला काय सांगावयाचे होते? ते त्याने कोणत्या उपायांनी सांगितले? आणि मला जे वाटले ते त्या कृतीमुळे वाटले, की माझ्या सवयीमुळे, भाषेमुळे, जातीमुळे? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि म्हणूनच सर्वांत मोलाचा. उत्तरे चार ओळींत वहीत लिहून ठेवावीत. वर्षाने ती पुन्हा वाचावीत. आपले मत बदललेले दिसले तर लाजण्याचे कारण नाही; वाढत्या मुलाला जुना सदरा आखूड होतोच.

आणखी एक गोष्ट. पूर्वी सार्वजनिक संचासमोर सारे गाव एकत्र बसे. आज घरातील प्रत्येकाच्या हाती निराळा भ्रमणध्वनी आणि त्यावर निराळा खेळ असतो. पाहणे एकट्याचे झाले की बोलणेही आटते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी आजी-आजोबांजवळ बसून एखादी गोष्ट एकत्र पहावी आणि नंतर आवर्जून बोलावे. त्यांनी जे भोगले आहे ते आपण पाहिलेले नसते. आपल्याला जे सुचते ते विचारण्याचे धाडस त्यांना होत नसते.

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप देता आलेले नाही. त्या बाळाला शेजारच्या बाईने उचलून घेतले असेल काय? गावाने स्वीकारले असेल काय? त्याची जात कोणती मानली गेली असेल? मी तिला एवढेच सांगितले, की असे मूल आपल्या शाळेत आले तर त्याला आपल्या बाकावर जागा द्यावयाची. ती लगेच म्हणाली, “मी खिडकीजवळची देईन.”

त्या रात्री आमच्या घरात पाच जणांनी मते दिली. खरा अभिप्राय मात्र तिचा होता.