ग्रंथालयापासून मैदानापर्यंत

न्यूयॉर्कला गेलेला माणूस स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहतो आणि उंच इमारती बघता बघता मान दुखवून घेतो. आमच्या हाती एकच दिवस होता आणि खेळाचे वेड लहानपणापासूनचे. न्यू जर्सीत नोकरीला असलेल्या भाच्याला आम्ही आधीच सांगून ठेवले होते, "पहिले बाबासाहेबांचे कोलंबिया, मग मैदाने. बाकी काही नको."

११६व्या रस्त्याच्या स्टेशनातून वर आलो की कोलंबिया विद्यापीठ. जुलै १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब या शहरात आले आणि १९१६ पर्यंत येथे शिकले. लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. परवानगी काढून आत गेलो, हात जोडले. डोळे भरून आले, एवढेच लिहितो.

बटलर ग्रंथालयापुढे मोठी हिरवळ आहे. येथे पूर्वी विद्यापीठाचे बेसबॉलचे मैदान होते. लू गेरिग हा पुढे जगप्रसिद्ध झालेला खेळाडू १९२३ पर्यंत येथेच खेळला. त्याची आई विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात स्वयंपाक करीत असे. दुसऱ्याच्या घरी भांडी घासून मुले शिकवणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ही गोष्ट नवी वाटणार नाही.

तेथून बसने हार्लेममधून १५५व्या रस्त्याला गेलो. या काळ्या लोकांच्या जुन्या वस्तीपलीकडे पोलो ग्राउंड्स हे मैदान होते. ६ मे १९१५ रोजी बेब रूथने मोठ्या सामन्यांतला आपला पहिला होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, येथेच मारला. त्याच जूनमध्ये बाबासाहेब एम.ए. झाले. कोलंबियापासून हे अंतर तीन-साडेतीन किलोमीटर. त्या दिवशीचा आरडाओरडा त्यांच्या कानी गेला नसेल. गेला असता तरी पुस्तकातली मान वर झाली असती असे आम्हाला वाटत नाही. त्या मैदानावर एकही काळा खेळाडू नव्हता. लेखी नियम नव्हता, पण दार बंद होते. असा अलिखित नियम आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आता तेथे सरकारी घरांचे मनोरे आहेत. मैदानाकडे उतरणारा १९१३ सालचा जिना तेवढा उरला आहे. तो आम्ही उतरून पाहिला.

पूल चालत ओलांडून यांकी स्टेडियम बाहेरून पाहिले. हे २००९ चे नवे बांधकाम. यांकीज संघाने पहिला काळा खेळाडू घेतला तो थेट १९५५ साली. तेव्हा तेथे फार रेंगाळलो नाही. ४ नंबरची गाडी पकडून ब्रुकलिन गाठले.

खरे पाहायचे होते ते एबेट्स फील्ड. हे मैदानही १९१३ सालचेच. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सतर्फे जॅकी रॉबिन्सन येथे उतरला आणि साठ वर्षांची बंदी मोडली. संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांची अट होती : कितीही शिव्या पडल्या तरी उलट उत्तर द्यायचे नाही. रॉबिन्सनने ती पाळली आणि त्याच वर्षी नवोदितांतला सर्वोत्तम ठरला. लोक या संयमाचे फार कौतुक करतात. आमच्या मनात मात्र येते, की शिव्या देणाऱ्यांना अशी अट कोणी घातली?

आम्हाला पुण्याचे पाळवणकर बाळू आठवले. चर्मकार समाजातला हा गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत याच बाळूंना काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उभे केले, हेही सांगायला हवे.

रॉबिन्सनचेही तसेच. मरणाच्या नऊ दिवस आधी, १९७२ च्या ऑक्टोबरात, भर मैदानात सत्कार होत असताना तो बोलला, की एखाद्या संघाची सूत्रे काळ्या माणसाच्या हाती दिसतील तेव्हा मला अधिक आनंद होईल. ते दिसले १९७५ मध्ये. १९९७ मध्ये त्याचा ४२ क्रमांक सर्वच संघांनी कायमचा राखून ठेवला. आता दर १५ एप्रिलला सगळे खेळाडू तोच क्रमांक घालून उतरतात. आपली भीमजयंती आदल्या दिवशी.

एबेट्स फील्ड १९६० मध्ये पाडले. तेथे विटांच्या उंच चाळीसारख्या इमारती आहेत. या आवारात चेंडू खेळू नये, अशी पाटी होती असे अनेकांनी लिहून ठेवले आहे. भाचा मोबाइल काढून म्हणाला, "मामा, इथे फोटो कशाचा काढू?"

भिंतीला टेकून उभे राहिलो. म्हटले, काढ.