शस्त्रांना लगाम घालणारी माणसे

निःशस्त्रीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राष्ट्रनेत्यांची हस्तांदोलने आणि करारांवरच्या सह्या उभ्या राहतात. परंतु सही ही केवळ सुरुवात. तो करार पाळला जातो की नाही, हे पाहावयाचे कोणी? आणि ज्याने पाहावयाचे, त्याला ते पाहण्याची विद्या मिळावी कोठून?

एक उदाहरण घेऊ. भूमिगत अणुचाचणीची शक्ती दीडशे किलोटनांहून अधिक असू नये, असा करार अमेरिका व सोव्हिएट रशिया यांनी १९७४ साली केला. एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकाची शक्ती. करार झाला खरा, पण त्याला रीतसर मंजुरी मिळण्यास सोळा वर्षे लागली. अडचण होती मोजमापाची. दूरच्या भूकंपमापकावर उमटलेल्या धक्क्यावरून स्फोटाचे बळ काढता येते. परंतु धक्का कोणत्या खडकातून आला, यावर तो आकडा बदलतो. त्यामुळे एकाने आरोप करावा आणि दुसऱ्याने तो नाकारावा, असे चालले होते.

अखेर १९८८ साली दोघांनी एकमेकांच्या शास्त्रज्ञांना आपापल्या चाचणीक्षेत्रात बोलावले. ऑगस्टमध्ये नेवाडात आणि सप्टेंबरमध्ये आज कझाकस्तानात असलेल्या सेमिपालातिन्स्क येथे एकेक स्फोट दोन्ही पक्षांनी मिळून मोजला. स्फोटाच्या जागेजवळ खोल भोकात केबल सोडावयाची. स्फोटाचा धक्का तिला चिरडत जातो, आणि ती किती वेगाने आखूड होते यावरून बळ ठरवावयाचे, ही त्यांतील एक पद्धत. जोडीला भूकंपमापकही होतेच. १९९० साली तपासणीचे नवे नियम ठरले आणि त्याच वर्षी डिसेंबरात करार अमलात आला. जे वर्षानुवर्षांच्या वादाने साधले नव्हते, त्याची वाट एकत्र मोजण्याने मोकळी झाली.

या दोन बलाढ्य देशांजवळ निदान शास्त्रज्ञ तरी होते. लहान राष्ट्रांनी काय करावे? १९७० साली अमलात आलेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारात आज जगातील बहुतेक राष्ट्रे आहेत. पण त्यांतील कित्येकांच्या परराष्ट्र खात्यांत या विषयाचा जाणकार विरळाच. ही उणीव ओळखून १९७८ साली निःशस्त्रीकरणासाठी भरलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या खास अधिवेशनात, नायजेरियाच्या पुढाकाराने, एक शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. दरवर्षी निरनिराळ्या देशांतील साधारण पंचवीस तरुण अधिकारी तीत निवडले जातात. आजवर हजारांहून अधिक जण तयार झाले.

त्यांना शिकवतात काय? जिनिव्हात वाटाघाटी कशा चालतात ते पाहावयाचे. हेगला रासायनिक शस्त्रांवरील बंदीचे काम समजून घ्यावयाचे. व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेत अणुद्रव्याचा हिशेब शिकावयाचा. हा हिशेब सावकाराच्या खतावणीहून काटेकोर असतो. कारण आठ किलो प्लुटोनियम कमी भरले, तर त्यातून एक बॉम्ब होण्याची शक्यता धरावी लागते. आणि १९८३ पासून जपान या मंडळींना हिरोशिमा व नागासाकी दाखवीत आला आहे. किलोटन या शब्दाचा अर्थ तेथे कळतो.

कोणी म्हणेल, काही आठवड्यांच्या सहवासाने सरकारांची धोरणे का बदलतात? नाही बदलत. सहाध्यायी झालेला परदेशी अधिकारी पुढे आपल्या देशाचीच बाजू मांडणार, आणि त्याने ती मांडावीच. परंतु दोघांना एकच परिभाषा येत असेल, तर मतभेद नेमका कोठे आहे, हे तरी कळते. गैरसमजातून होणारा अनर्थ टळण्यास तेवढेही पुष्कळ असते.

आपल्या देशाने प्रसारबंदी करारावर सही केलेली नाही. तो करार भेदभाव करतो, ही आपली जुनी भूमिका. तरीही २०१९ साली भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने इतर देशांच्या तरुण मुत्सद्द्यांसाठी दिल्लीत असाच अभ्यासक्रम सुरू केला. ज्याला नियमांविषयी तक्रार आहे, त्याला तर नियमांचे ज्ञान अधिकच हवे.

अमेरिका-रशियातील परस्पर तपासण्या २०२० साली साथीमुळे थांबल्या. २०२३ साली रशियाने त्या करारातील आपला सहभागच स्थगित केला. करार एका घोषणेने थांबतो. पण तपासणी जाणणारा माणूस घडण्यास वर्षे लागतात. पुन्हा बोलणी व्हावयाची झाली, तर मेजाच्या दोन्ही बाजूंना अशी माणसे असली पाहिजेत. बोलणी थांबलेली असतानाच त्यांचे शिक्षण चालू ठेवावे लागते, ते यासाठी.