रणातील निवाडा आणि वर्गातील मौन

भारताच्या राज्यघटनेतील अनुच्छेद ५१ न्यायालयातून बजावून घेता येत नाही. म्हणूनच कदाचित तो फारसा कोणी वाचत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आणि तहांच्या बंधनांविषयी आदर जोपासावा, तसेच राष्ट्राराष्ट्रांतील तंटे लवादाने मिटविण्यास उत्तेजन द्यावे, असे हे मार्गदर्शक तत्त्व सांगते. ही केवळ सदिच्छा होती काय? शालेय शिक्षण संपविलेल्या कोणत्याही दहा तरुणांना १९६५ च्या युद्धाविषयी विचारावे. बहुतेकांना ते ठाऊक असते. त्याच वर्षी ठरलेल्या आणि १९६८ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या कच्छच्या लवादाविषयी विचारल्यास मात्र मौन पसरते.

१९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात दोन्ही देशांच्या फौजा भिडल्या. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने ३० जून रोजी करार झाला. वाटाघाटी फसल्यास सीमेचा प्रश्न तीन सदस्यांच्या लवादाकडे जाईल आणि त्याचा निर्णय दोघांवर बंधनकारक राहील, असे त्यात ठरले. पुढे दोन-तीन महिन्यांतच काश्मीर आणि पंजाबच्या आघाड्यांवर पूर्ण युद्ध पेटले. एवढ्या रक्तपातानंतर तो कागद फाडून टाकण्यास कोणी दोष दिला नसता. तो फाडला गेला नाही. भारताने युगोस्लाव्हियाचे अलेश बेबलर यांचे, तर पाकिस्तानने इराणचे नसरुल्ला इंतेजाम यांचे नाव दिले. अध्यक्ष म्हणून स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागेरग्रेन आले आणि जिनिव्हात सुनावणी सुरू झाली.

इतिहासाच्या अभ्यासकाला मोह पडावा असे ते प्रकरण होते. रण हा एक प्रकारचा समुद्रच असून सीमा त्याच्या मध्यातून जाते, हा पाकिस्तानचा दावा. संपूर्ण रण कच्छ संस्थानाचे असून सीमा त्याच्या उत्तर कडेने जाते, ही भारताची बाजू. नानी पालखीवाला यांच्यासारखे विधिज्ञ ती मांडणाऱ्यांत होते. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात असल्याने त्या सरकारची जुनी दप्तरे, मोजणीचे अहवाल आणि शेकडो नकाशे लवादापुढे आले. रणगाड्यांनी न सुटलेला प्रश्न कारकुनांच्या टिपणांवरून सुटू लागला.

१९ फेब्रुवारी १९६८ रोजी दोनास एक अशा बहुमताने निवाडा झाला. बेबलर यांनी भिन्न मत नोंदविले. वादातील सुमारे नऊ दशांश प्रदेश भारताकडे राहिला. कांजरकोट आणि छाडबेटसह उरलेला भाग पाकिस्तानला मिळाला. देशात संताप उसळला, संसदेत सरकारवर टीका झाली, कच्छमध्ये सत्याग्रह झाला. तो संताप खोटा नव्हता. जवानांनी जेथे प्राण दिले ती भूमी कागदावरील रेषेने जावी, हे पचणे कठीणच. तथापि इंदिरा गांधींच्या सरकारने दिलेला शब्द पाळला. हा भूप्रदेशाचा त्याग नसून सीमेची निश्चिती आहे, त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये दिला.

बंगालच्या उपसागरातही असेच घडले. ७ जुलै २०१४ च्या निवाड्याने वादातील २५,६०२ चौरस किलोमीटर सागरी क्षेत्रापैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाला दिले. भारताने तो स्वीकारला.

याची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांपुढे यावयास हवी. अन्यथा ते शिक्षण न राहता प्रचार होईल. पाकिस्तानी टेहळणी विमान पाडल्याचा वाद हेगच्या न्यायालयात गेला, तेव्हा राष्ट्रकुल देशांतील तंट्यांबाबतच्या आपल्या राखीव अटीवर भारताने बोट ठेवले आणि २००० मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाकारले. पुढे कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारत त्याच न्यायालयात गेला आणि १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानने वाणिज्यदूतविषयक व्हिएन्ना कराराचा भंग केल्याचे १५ विरुद्ध १ मतांनी ठरले. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये सिंधू जलकरार स्थगित ठेवल्याचे भारताने जाहीर केले. सरकारची कारणे समजून घेऊनही तहाच्या बंधनाचे काय, हा प्रश्न वर्गात विचारता आला पाहिजे.

युनेस्कोने १९७४ ची शांतता-शिक्षणविषयक शिफारस नोव्हेंबर २०२३ मध्ये नव्याने स्वीकारली. असे दस्तऐवज आपल्याकडे बहुधा भित्तिपत्रक स्पर्धा आणि कबुतरांच्या चित्रांपर्यंत पोहोचतात. फ्रान्स व जर्मनीने २००६ मध्ये इतिहासाचे संयुक्त पाठ्यपुस्तक काढले. भारत आणि पाकिस्तानकडून तशी अपेक्षा करणे आज भाबडेपणाचे ठरेल. पण अकरावी-बारावीच्या वर्गात एक निवाडा मूळ कागदांसह वाचून घेण्यास कोणाची परवानगी लागते?

सर क्रीकच्या खाडीपासून आरंभ करता येईल. कच्छच्या लवादापुढे ती नव्हती आणि तिचा वाद आजही मिटलेला नाही. मुंबई सरकारचा १९१४ चा ठराव आणि त्यासोबतचा नकाशा वर्गात ठेवावा. नकाशावरील हिरवी रेघ पूर्व काठाने जाते, म्हणून खाडी आपली, असे एका गटाने पाकिस्तानच्या वतीने मांडावे. सीमा प्रवाहाच्या मध्यातून जाते, असे दुसऱ्याने भारताच्या वतीने. नंतर बाजू बदलून पुन्हा.