हंगामी टपाल-विक्रीचे नियोजन : बारामती-इंदापूर परिसरातील दिवाळी फराळाच्या संदर्भात

प्रस्तावना :
ग्राहकाने घरबसल्या मागणी नोंदवावी आणि विक्रेत्याने माल टपालाने पोहोचवावा, या व्यवहारास टपाल-विक्री म्हणतात. दिवाळी फराळ हा तिचा हंगामी प्रकार होय. पुस्तक चार दिवस उशिरा मिळाले तरी त्याचे मोल घटत नाही. भाऊबीज उलटल्यावर पोहोचलेल्या फराळाचे मात्र घटते. त्यामुळे कऱ्हाटीतून परगावी वा परदेशी फराळ पाठवू पाहणाऱ्या गृहउद्योगापुढील मुख्य अडचण पार्सलांच्या संख्येची नसून तारखेची असते.

तारखेपासून उलट गणना :
२०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. परदेशी प्रवासास १२ दिवस आणि सीमाशुल्क तपासणीस ३ दिवस धरले, तर शेवटचा डबा ६ ऑक्टोबरला टपालात पडावयास हवा. २४० डब्यांची मागणी असून दिवसाला १६ डबेच बांधून होत असतील, तर १५ कामाचे दिवस लागतात. रविवार व २ ऑक्टोबरचा दसरा वगळता काम १८ सप्टेंबरला, म्हणजे ऐन पितृपक्षात सुरू करावे लागते. घटस्थापनेनंतर कढई चढवू, असे म्हणणाऱ्याचे गणित येथेच चुकते. शिवाय पहिला डबा खाल्ला जाईपर्यंत महिना लोटतो. म्हणून लांबच्या डब्यांत चकली, शंकरपाळे, चिवडा असे टिकाऊ पदार्थ घालावेत; ओल्या नारळाची करंजी पुण्या-मुंबईच्या, शेवटी निघणाऱ्या डब्यांसाठी राखावी.

पत्ता व आकारमान :
बारामतीचा पिन ४१३१०२ व इंदापूरचा ४१३१०६ आहे. दोन्ही तालुके पुणे जिल्ह्यात असूनही पहिले तीन अंक सोलापूर शहराच्या ४१३००१ शी जुळतात. याचे कारण हे अंक महसुली जिल्हा दर्शवीत नाहीत, तर टपालाचा वर्गीकरण-जिल्हा दर्शवितात. १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आलेली ही पद्धत टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची देणगी. तेव्हा गर्दीच्या दिवसांत गठ्ठे जिल्ह्याच्या नावाने न बांधता पिनच्या पहिल्या तीन अंकांनी बांधणेच सयुक्तिक ठरते.

हवाई पार्सलाचे शुल्क बहुधा प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते. लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार ५००० ने भागण्याची रीत प्रचलित आहे. ४० × ३० × ३० सेंटिमीटरच्या खोक्यात ३ किलो चिवडा भरला, तरी पैसे ७.२ किलोचे मोजावे लागतात. फराळ विकणाऱ्याचा नफा असा पोकळीत जातो.

उधारीचा प्रश्न निराळा. भारतात १८७७ मध्ये सुरू झालेल्या व्ही. पी. पद्धतीत ग्राहक दारात पैसे देतो. त्याने डबा नाकारला, तर परत आलेला फराळ पुन्हा विकता येत नाही. अशा मालासाठी आगाऊ रक्कम घेणे इष्ट.

२०२५ चा अनुभव :
तथापि सर्व गणित बरोबर असूनही वाट बंद होऊ शकते. ८०० डॉलरपर्यंतच्या आयातीस असलेली शुल्कमाफी अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित केली. १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंना या आदेशातून सूट होती. परंतु शुल्क कोणी व कसे गोळा करावयाचे हे स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतांश टपाल-नोंदणी थांबविली व पुढे भेटवस्तूंचीही थांबविली. सेवा १५ ऑक्टोबरला पूर्ववत झाली. भारतातून जाणाऱ्या टपाल-मालावर घोषित किमतीच्या ५० टक्के शुल्क ठरले व ते पाठविणाऱ्याकडूनच नोंदणीच्या वेळी घेण्याची व्यवस्था झाली. वरील उदाहरणातील १८ सप्टेंबर आणि ६ ऑक्टोबर या दोन्ही तारखा बंदीच्या काळातच येतात. टपालाची खिडकी उघडली, तेव्हा लक्ष्मीपूजनास ६ दिवस उरले होते.