जुन्या इंजेक्शन मोटारीचा पंप कसा शोधावा

इंजेक्शनच्या पेट्रोल मोटारीत टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत दाबाने नेण्याचे काम विजेवर चालणारा पंप करतो. कार्बुरेटरच्या गाडीला पाव बारच्या आसपास दाब पुरतो. इंजेक्शनचे तेवढ्यावर भागत नाही. बॉश कंपनीची १९६७ ची डी-जेट्रॉनिक पद्धत सुमारे २ बारवर चालते, एल-जेट्रॉनिक २.५ ते ३ बारवर, आणि १९७३ मध्ये आलेली के-जेट्रॉनिक ५ बारच्या घरात. हे तिन्ही पंप बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात. नुसता आकार पाहून पंप घेतला की पैसे वाया जातात ते यामुळेच.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात जपलेली खासगी गाडी ‘विंटेज’ ठरते. या व्याख्येत बसणाऱ्या इंजेक्शनच्या मोटारी महाराष्ट्रात फारच थोड्या. खरी अडचण १९९० च्या दशकातल्या गाड्यांची आहे: १९९५ पासून पुण्यात टेल्कोच्या आवारात जुळवली गेलेली मर्सिडीज ई-२२०, त्याच सुमारास आलेली देवू सिएलो, ओपेल अ‍ॅस्ट्रा. यांपैकी मर्सिडीजचा पंप मिळवणे तुलनेने सोपे. त्या मालिकेच्या गाड्या जगभर २५ लाखांहून अधिक तयार झाल्या, त्यामुळे त्यांचे भाग अजूनही बनतात. सिएलो आणि अ‍ॅस्ट्रा बनवणाऱ्या कंपन्यांनी भारतातला बाजार सोडला, तिथे शोध लांबतो.

लहान गावांत शोधाची अडचण वेगळीच. यवतमाळच्या दारव्हा रस्त्यावरचे लोहारा घ्या. अशा ठिकाणी ‘पंप’ म्हटले की आधी विहिरीवरची मोटर आठवते, नाहीतर ट्रॅक्टरचा डिझेल पंप, ज्याला अनेक मिस्त्री आजही ‘मायको’ म्हणतात. डिझेल पंप दुरुस्त करणारा कारागीर कितीही तरबेज असला, तरी पेट्रोल इंजेक्शनचा विजेचा पंप हे वेगळे यंत्र आहे. मात्र एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमांमुळे दुचाकींनाही इंजेक्शन आले आणि दाब मोजण्याचे घड्याळ लहान गावांच्या गॅरेजपर्यंत पोचू लागले. जुन्या मोटारीलाही ते उपयोगी पडते. दुचाकीचा पंप मात्र मोटारीला लावू नये. त्याचा दाब कदाचित जुळेल, पण तासाला लागणारे पेट्रोल तो देऊ शकणार नाही.

नवा पंप शोधण्याआधी जुना खरोखर गेला आहे याची खात्री करायला हवी. गाडी सुरू होत नाही म्हणून पंप बदलला आणि दोष रिलेत निघाला, असे वारंवार घडते. रिलेतल्या डाखाला बारीक चीर गेली तर थंड असताना सारे ठीक चालते आणि गरम झाल्यावर वीज तुटते. नंतरच्या पद्धतींत चावी फिरवताच पंप दोनएक सेकंद गुणगुणतो. जुन्या एल-जेट्रॉनिकच्या काही गाड्यांत तो स्टार्टर फिरेपर्यंत गप्पच असतो, म्हणून नुसत्या शांततेवरून निष्कर्ष काढू नये. फ्यूज, रिले, अर्थिंग, मग पंपाच्या टोकांवरचा व्होल्टेज, आणि शेवटी दाब, हा क्रम पाळावा. पंपापाशी बॅटरीपेक्षा एक-दोन व्होल्ट कमी दिसले तर दोष तारेत आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. गाडी बंद केल्यावर नळीत दाब धरून ठेवणारी पंपातली झडप गळत असेल, तर उरलेल्या पेट्रोलची वाफ होते आणि तापलेले इंजिन लवकर सुरू होत नाही. काही पंपांत ही झडप वेगळी काढता येते. तिथे सारा पंप बदलायची गरजच पडत नाही.

रोलर पद्धतीच्या पंपाच्या आत एक चकती मध्यापासून किंचित सरकलेल्या बैठकीवर फिरते, तिच्या खाचांतले रोलर बाहेर फेकले जातात आणि पेट्रोल पुढे ढकलतात. पेट्रोल मोटरीच्या आतूनच वाहते. तिथे ठिणगी पडली तरी हवा नसल्याने पेट घेत नाही, आणि तेच पेट्रोल मोटरीला थंड ठेवते. टाकी कोरडी असताना पंप चालवणे त्याच्यासाठी सर्वांत घातक ते यामुळे.

शोधाची खरी सुरुवात बाजारात होत नाही, गाडीखाली होते. बॉशच्या विजेच्या इंधन पंपांचा दहा अंकी क्रमांक ०५८० ने सुरू होतो आणि पंपाच्या अंगावर कोरलेला असतो. वरची घाण पुसून तो लिहून घ्यावा. मूळ क्रमांक बंद झाला असेल तर कंपनीने त्याऐवजी दिलेला नवा क्रमांक मिळतो. तोही नसेल तर पाच गोष्टी जुळवाव्यात: दाब, दर तासाचे पेट्रोल, आत-बाहेर जाणाऱ्या तोंडांचे आटे व मापे, विजेच्या टोकांची रचना, आणि पंप टाकीत बसतो की बाहेर. ई-२२० चा पंप मागच्या बाजूला गाडीखाली, फिल्टरशेजारी असतो. सिएलोचा टाकीत. टाकीतल्या पंपाची सबंध चौकट शोधत बसण्यापेक्षा आतला नळकांड्यासारखा पंपच बदलणे बहुतेक वेळा शहाणपणाचे.

पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार ही जुन्या भागांची ओळखीची ठिकाणे. भंगारातून काढलेला पंप शेवटचा पर्याय मानावा. त्याने आत किती गंज गिळला आहे ते बाहेरून कळत नाही. वीस वर्षे खोक्यात पडून राहिलेला ‘नवा’ पंपही निर्धोक नसतो. त्याचे रबर सुकते. शिवाय आता देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

बसवण्याआधी टाकी उतरवून धुवावी, जाळी आणि फिल्टर बदलावेत. गंजलेल्या टाकीवर नवा पंप लावणे म्हणजे त्याचे आयुष्य पहिल्याच दिवशी कमी करणे. बॅटरीची तार काढून, उघड्यावर, नळीतला दाब सोडून काम करावे. तांब्याची वायसर नवी आणि नळी इंजेक्शनच्या दाबाला चालणारीच हवी. कार्बुरेटरची नळी फुटली तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर उडते. मग दाब मोजावा, प्रत्येक सांधा हाताने चाचपून ओल पाहावी, आणि गाडी दुपारच्या उन्हात पंधरा-वीस किलोमीटर चालवून, बंद करून, वीस मिनिटांनी पुन्हा सुरू करून पाहावी.