विजेविना चांदीचा मुलामा

तांब्या-पितळेची वस्तू चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवली की तांब्याचा एक अणू विरघळतो आणि त्याच्या बदल्यात चांदीचे दोन अणू पृष्ठभागावर बसतात. या विस्थापनाला बाहेरून वीज लागत नाही, परंतु पृष्ठभाग झाकला जाताच क्रिया मंदावत थांबते, म्हणून थर सहसा एका मायक्रॉनहूनही पातळ राहतो. घड्याळांच्या पितळी तबकड्यांवर सिल्व्हर क्लोराइड, मीठ आणि क्रीम ऑफ टार्टर यांचा ओला लेप चोळण्याची जुनी रीत याच तत्त्वावर चालते, आणि तिच्यात सायनाइड वा अमोनिया नसल्याने लहान प्रमाणावरील कामासाठी तीच इष्ट ठरते.

काचेत तांबे नसल्यामुळे तेथे क्षपणक, म्हणजे चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन धातुरूपात आणणारे द्रव्य, वापरावे लागते. अल्डिहाइडमुळे काचेवर चांदीचा आरसा तयार होतो, हे जर्मन रसायनज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी 1835 साली नोंदवले. अमोनियात मिसळलेल्या सिल्व्हर नायट्रेटवर ग्लुकोजसारख्या क्षपणकाची क्रिया घडवणाऱ्या या मार्गाने पुढे पारा-कथिलाचे आरसे मागे पडले.

धोका उरलेल्या द्रावणात असतो. अमोनियायुक्त द्रावण काही तास तसेच राहिले किंवा वाळले, तर सिल्व्हर नायट्राइडचा काळा साका तयार होऊ शकतो, जो किरकोळ धक्क्यानेही फुटतो. म्हणून हे द्रावण हातमोजे व चष्मा घालून लागेल तेवढेच बनवावे, बाटलीत कधीही साठवू नये आणि काम संपताच सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आम्लधर्मी करावे. सायनाइडयुक्त द्रावणाला मात्र हा उपाय कदापि करू नये, कारण आम्ल पडताच त्यातून प्राणघातक वायू सुटतो.

ही खबरदारी कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठीही हवी. डोंबिवलीच्या एमआयडीसी औद्योगिक वसाहतीत मे 2016 आणि मे 2024 मध्ये झालेल्या स्फोटांचा चांदीशी संबंध नव्हता. तरी वस्तीला खेटून असलेल्या कारखान्यांत अस्थिर रसायने हाताळताना झालेली चूक किती दूरवर पोहोचते, हे या शहराने दोनदा पाहिले आहे. शिवाय सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील जैविक टप्पा जिवाणूंवर चालतो, आणि चांदीचे आयन नेमके जिवाणूंनाच मारक असल्याने चांदीचे उरलेले द्रावण गटारात सोडणे म्हणजे शुद्धीकरणाच्या मुळावरच घाव घालणे होय. आम्लामुळे खाली बसलेला सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका गाळून शुद्धीकरणासाठी देणे व्यवहारालाही धरून आहे, कारण त्याच्या वजनात सुमारे 75 टक्के चांदीच असते.