माडी चढवा, पण चुना राखा

उत्तन-विरार सागरी सेतू आणि डोंगरीची मेट्रो कारशेड या बातम्यांनी मिरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाच्या गावठाणांत एक जुनाच प्रश्न पुन्हा पुढे आणला आहे. आजोबांच्या कौलारू घराचं करायचं काय? दलालाचं उत्तर ठरलेलं असतं: पाडा आणि बांधा. आमचं मत उलट आहे.

उत्तन, पाली, चौक, डोंगरीतली कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांची अनेक जुनी घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. तोंड अरुंद, खोली जास्त, पुढे ओटी, वर लाकडी माडी, मधल्या खोलीत दुपारीही दिवा. शाळकरी मुलं, गुडघे धरलेली आजी आणि घरून नोकरी करणारी सून यांना ती पुरत नाहीत, हे खरंच आहे. पण बरीचशी सोय न पाडताही होते. मधल्या खोलीवर काचेची कौलं बसवा, आजीसाठी संडास-न्हाणी तळमजल्यावर आणा, स्वयंपाकघर मागच्या पडवीत सरकवा. मुलांची खोली माडीवर.

घोडं अडतं ते भिंतीपाशी. जुन्या भिंती चुन्यात रचलेल्या. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, त्यामुळे जमिनीतून चढलेली ओल त्यातून वाळून जाते. त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, वर चढते, खारं पाणी सुकताना क्षार फुगून पोपडे काढतात आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजतात. मग ‘घर जुनं झालं’ म्हणून तेच पाडायचं! खाडीपलीकडच्या वसई किल्ल्यातली चुन्याची बांधकामं शतकानुशतकं हाच खारा वारा सोसत आली आहेत. तेव्हा दुरुस्ती करायची तर चुनकळी आणून, नीट विरवून, चुन्यातच करा. काम सावकाश होतं, जाणता गवंडी शोधावा लागतो. पण शोधाच.

नवी माडी मात्र जुन्या भिंतीवर, त्यातही सामायिक भिंतीवर लादू नका. तिचे खांब आणि पाया वेगळे हवेत. शिवाय काँक्रीट म्हणजे चिरंजीव, हा समज किनाऱ्यावर चालत नाही. हवेतलं मीठ सळईपर्यंत पोचतं, गंज फुगतो आणि स्लॅबचे टवके पडतात. म्हणूनच आयएस ४५६ (२०००) हे भारतीय मानक किनारपट्टीच्या उघड्या काँक्रीटला किमान एम-३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण मागतं. सौम्य हवामानात हेच आवरण २० मिलिमीटर पुरतं. ठेकेदाराला हा आकडा विचारून पाहा.

नियमांत महापालिका मागे आहे, असं आम्हाला वाटतं. गावठाणातल्या छोट्या घरासाठी दोन-तीन नमुना नकाशे आणि चुनाकामाचं प्रशिक्षण देणं तिला जड नाही. तोवर घरमालकांनी एवढं करावं. मालमत्ता पत्रकावर सगळ्या वारसांची नावं आहेत का ते बघावं, किनारा व्यवस्थापन नकाशात आपलं घर सीआरझेडच्या कोणत्या पट्ट्यात येतं ते तपासावं, शेजाऱ्याची लेखी संमती घ्यावी आणि संरचना अभियंत्याला बोलवावं. पहिला घाव घालण्याआधी, नंतर नव्हे.